शिट्टीच्या आधी पाय: बास्केटबॉल पंचांच्या कामाविषयी वाचकांचे प्रश्न

जिल्ह्यातल्या शालेय आणि महाविद्यालयीन सामन्यांना पंच म्हणून उभे राहणारे बहुतेक जण क्रीडाशिक्षक किंवा माजी खेळाडू असतात. नियम त्यांना माहीत असतात, पण उभं कुठं राहायचं, थांबायचं कधी आणि बेंचवरून आवाज चढला की काय करायचं, हे कुणी बसवून शिकवलेलं नसतं. या वेळची पत्रं त्याबद्दलच आहेत. उत्तरं फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांना धरून दिली आहेत.

प्रश्न: १७ वर्षांखालील तालुका स्पर्धेत आम्ही दोघंच पंच असतो. दोघंही चेंडूबरोबर जीव तोडून धावतो, तरी रिंगखाली काय झालं ते दोघांपैकी कुणालाच दिसलेलं नसतं. नेमकं उभं कुठं राहायचं?
— क्रीडाशिक्षिका, बार्शी

दोघंही चेंडूबरोबर धावता म्हणूनच दिसत नाही. दोन पंचांच्या पद्धतीत एक लीड असतो आणि एक ट्रेल. लीड रिंगच्या बाजूला, एंड लाईनच्या बाहेर. ट्रेल चेंडूच्या मागे साधारण ३ ते ५ मीटर आणि थोडा डावीकडे. लीड त्याच्या तिरक्या समोर, म्हणजे ट्रेलच्या उजव्या अंगाला. दोघांची तोंडं एकमेकांकडे असल्यामुळे ती बाजू लीडच्या स्वतःच्या डाव्या हाताला येते. म्हणून लक्षात ठेवायला सोपं आहे: दोघांनीही आपल्या डाव्या हाताची साइडलाईन बघायची. एंड लाईन लीडची, मध्यरेषा ट्रेलची. असं उभं राहिलं की दहाही खेळाडू दोघांच्या मध्ये सापडतात, आणि या मांडणीचा हेतू तोच आहे.

आता अवघड भाग. चेंडू वरच्या बाजूला, ट्रेलच्या ताब्यातल्या भागात असेल तेव्हा लीडने चेंडू बघायचा नाही. त्याने रिंगखाली जागेसाठी चाललेली ढकलाढकल, कमरेला घातलेले हात, स्क्रीन लावताना, म्हणजे डिफेंडरची वाट अंगाने अडवताना, पुढे काढलेला गुडघा बघायचा. नजर आपोआप चेंडूकडे जाते. ती वळवायला सरावच लागतो. सरावासाठी सामना लागत नाही. मुलांचा रोजचा खेळ चालू असताना एंड लाईनवर उभं राहा, आणि पाच मिनिटं चेंडू नसलेल्या चारच खेळाडूंवर नजर ठेवा. पहिल्या दिवशी दर दहा सेकंदांनी चूक होईल.

चेंडू लीडच्या बाजूच्या कोपऱ्यात, फ्री थ्रो रेषेच्या पातळीच्या खाली गेला की तो लीडचा. तिथून तीन गुणांचा शॉट गेला तर पाय रेषेवर होता का, हेही लीडनेच बघायचं. तीच रेषा वरच्या भागात ट्रेलची. चेंडू ट्रेलपासून लांब, उजवीकडे गेला तर ट्रेलने तिकडे सरकायचं. आपली डावी बाजू म्हणून तिथेच खिळून राहिलं की मधले खेळाडू आड येतात.

शॉट सुटला की ट्रेलने आधी शूटरचे पाय जमिनीला लागेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची, मग चेंडूचा मार्ग, मग तो रिंगमध्ये पडला की नाही. लीडने त्या वेळी वर बघायचंच नाही, रीबाऊंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडण्यासाठी, पाठीमागून होणारे धक्के बघायचे. इथली नेहमीची चूक म्हणजे शॉट सुटताच ट्रेल परतीच्या दिशेने पळायला लागतो, कारण पुढच्या फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे समोरच्या संघाच्या झटपट चढाईत, मागे पडायची भीती असते. खरं तर त्या क्षणी दोन पावलं आत यायला हवं. पाठीवरून चढून घेतलेला रीबाऊंड ट्रेललाच सगळ्यात स्वच्छ दिसतो.

चेंडूचा ताबा बदलला की ट्रेल नवा लीड होतो आणि सरळ एंड लाईन गाठतो. मान मैदानाकडे वळलेली, नजर खेळावर. जुना लीड नवा ट्रेल होऊन मागून येतो. सगळे खेळाडू पुढे गेल्याशिवाय त्याने निघायचं नाही, कारण मागे राहिलेल्या दोघांत कोपराचा हिशेब चुकता होतो तो नेमका तेव्हाच.

जागा बरोबर आहे का, याची परीक्षा एकच: चेंडूवाला आणि डिफेंडर यांच्यामधली फट दिसते का? नुसती एखाद्याची पाठ दिसत असेल तर तुम्ही त्या दोघांच्या ओळीत उभे आहात, आणि तिथून दिलेला फाऊल हा अंदाज आहे. फट उघडायला बहुतेक वेळा बाजूला एक-दोन पावलं पुरतात. आणि महत्त्वाचा क्षण येईल तेव्हा थांबलेलं असा. धावता धावता बघणाऱ्याला किरकोळ स्पर्शही मोठा वाटतो, आणि मोठा धक्का सुटून जातो.

प्रश्न: आमच्या शाळेच्या कोर्टवर एंड लाईनपासून हातभर अंतरावर कंपाऊंडची भिंत आहे. लीडने उभं कुठं राहायचं? संध्याकाळी डोळ्यावर ऊनही येतं.
— विजापूर रस्ता, सोलापूर

नियमाप्रमाणे रेषेबाहेर चारही बाजूंना २ मीटर मोकळी जागा हवी. ती नसेल तर लीडने रिंगसमोर भिंतीला पाठ लावून उभं राहू नये. फ्री थ्रोच्या चौकटीच्या बाहेर, कोपऱ्याच्या दिशेने सरकून उभं राहावं आणि शरीर मैदानाकडे तिरकं, ४५ अंशांत ठेवावं. त्या कोनातून चौकटीतली फटही दिसते आणि ले-अप मारून पुढे येणारा मुलगा अंगावरही येत नाही. रिंगमागच्या भिंतीवर जुन्या गाद्या किंवा जिम्नॅस्टिक्सच्या मॅट बांधाव्यात. त्या नसतील तर सामना सुरू करण्याआधी आयोजकांना स्पष्ट सांगा. रिंगखाली जोरात आलेल्या मुलाला थांबायला जागा लागते.

ऊन टाळायचा खरा उपाय वेळापत्रकात आहे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये सिमेंटच्या कोर्टवर सकाळी नऊनंतर सामना ठेवूच नये. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड येणाऱ्या पंचाने चेंडूच्या मागे सूर्य येणार नाही अशा बेताने एक-दोन पावलं बाजूला घ्यावीत. फाऊलनंतर दोघं पंच जागा बदलतात, त्यामुळे एकालाच सगळा वेळ ऊन सोसावं लागत नाही. आणि धुळीच्या मैदानावर गोटीची शिट्टी वापरू नका. धूळ आणि थुंकी साचून गोटी अडकते. बिनगोटीची शिट्टी याच त्रासातून निघाली. कॅनडाचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी १९८७ मध्ये बाजारात आणलेली फॉक्स ४० ही त्यातली सगळ्यांत ओळखीची.

प्रश्न: माझा मुलगा हात वर करून जागेवर उभा होता, समोरचा येऊन धडकला, तरी फाऊल माझ्याच मुलावर. दुसऱ्या सामन्यात डिफेंडर हलत होता आणि फाऊल धडकणाऱ्यावर दिला. हे ठरतं कसं?
— पालक, जुळे सोलापूर

"उभा होता की हलत होता" या प्रश्नावर ते ठरत नाही, आणि प्रेक्षकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. पंच क्रमाने या गोष्टी बघतो.

पहिली: डिफेंडरने कायदेशीर जागा घेतली होती का? म्हणजे तो समोरच्याकडे तोंड करून आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तिथे आला होता का? एकदा अशी जागा घेतली की तो पुढे बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. हलत असलेल्या डिफेंडरच्या बाजूने निर्णय जातो तो यामुळे.

दुसरी: धक्का कुठे बसला? छातीवर, धडावर बसला तर जबाबदारी बहुधा चेंडूवाल्याची. खांद्यावर, बाजूने, पुढे काढलेल्या गुडघ्यावर किंवा कमरेवर बसला तर डिफेंडर उशिरा पोहोचला किंवा आपल्या जागेबाहेर गेला.

तिसरी: चेंडूवाला हवेत होता का? त्याचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी डिफेंडर तिथे असायला हवा. तो हवेत गेल्यावर त्याच्या उतरण्याच्या जागेत सरकलेला डिफेंडर मग पुतळ्यासारखा उभा राहिला, तरी फाऊल डिफेंडरचाच. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे घडलेलं असू शकतं. डोळ्यांना तो "उभा" दिसतो, पण तो अर्ध्या सेकंदापूर्वी आलेला असतो.

चौथी: रिंगखालचं अर्धवर्तुळ. ज्याच्या ताब्यात चेंडू आहे असा हवेतला खेळाडू शॉट मारताना किंवा पास देताना डिफेंडरवर आदळला आणि डिफेंडरचा पाय त्या अर्धवर्तुळात किंवा त्याच्या रेषेवर असेल, तर चार्जिंग, म्हणजे धडकणाऱ्यावरचा फाऊल, देता येत नाही. धडकणाऱ्याने हात, पाय किंवा अंग बेकायदेशीर वापरलं असेल तर मात्र ही सवलत नाही.

इथे आयोजकांना एक सांगायचं आहे. जिल्ह्यातल्या बऱ्याच कोर्टांवर हे अर्धवर्तुळ आखलेलंच नसतं आणि मग वाद पंचाच्या गळ्यात पडतो. आखायला दहा मिनिटं लागतात. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा. तो बिंदू एंड लाईनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवा. येत नसेल तर बोर्डच चुकीच्या जागी बसला आहे. त्या बिंदूला दोरी धरून १.२५ मीटरचं अर्धवर्तुळ मैदानाच्या बाजूने काढा. हे माप रेषेच्या आतल्या कडेचं. मग त्याच्या दोन्ही टोकांपासून एंड लाईनकडे ३७.५ सेंटीमीटरच्या सरळ रेषा ओढा. चुना किंवा खडूही चालतो. आखणं शक्यच नसेल तर मुख्य पंचाने सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बोलावून काय धरलं जाईल ते सांगावं.

यातलं काहीही पंचाला दिसायचं तर त्याने चेंडूवाल्याऐवजी डिफेंडरकडे आधीपासून बघत असलं पाहिजे. धडक झाल्यावर डिफेंडरकडे नजर वळवणारा पंच फक्त जमिनीवर पडलेला मुलगा बघतो, आणि जो जास्त जोरात पडला त्याच्या बाजूने निर्णय देतो.

शेवटी, प्रत्येक स्पर्श फाऊल नसतो. स्पर्शामुळे कुणाची चाल, तोल किंवा वेग बिघडला का, हे बघायला अर्धा क्षण थांबावं लागतं. थांबलेली शिट्टी म्हणजे उशिरा वाजलेली शिट्टी असं लोक म्हणतात, पण पूर्ण चाल पाहून वाजवलेली शिट्टी बहुधा बरोबर असते. शूटरच्या हातावर सरळ फटका बसला तर मात्र वाट बघायची गरज नाही.

प्रश्न: दोन्ही पंचांनी एकदम शिट्टी मारली. एकाने ब्लॉकिंग (डिफेंडरचा फाऊल) दाखवलं, दुसऱ्याने चार्जिंग. मग वीस मिनिटं वाद.
— महाविद्यालयीन खेळाडू, अशोक चौक

चूक शिट्टीची नव्हती, घाई हातांची होती. फाऊलची शिट्टी वाजली की फक्त मूठ वर करायची आणि आधी जोडीदाराकडे बघायचं. कंबरेवर हात (ब्लॉकिंग) किंवा तळहातावर आपटलेली मूठ (चार्जिंग) लगेच दाखवायची नाही. घटना ज्याच्या भागात झाली तो निर्णय घेतो, दुसरा हात खाली घेतो. वरून रिंगकडे घुसलेल्या खेळाडूची चाल ट्रेलच्या भागातून लीडच्या भागात जाते आणि दुहेरी शिट्टी तिथेच होते. म्हणून सामन्याआधीच बोलून ठेवा की वरून सुरू झालेला ड्राइव्ह रिंगपर्यंत कुणाचा. एकदा दोघांनी दोन विरुद्ध खुणा दाखवल्या की काहीही निर्णय द्या, एक बेंच उठणारच.

प्रश्न: एका संघाचे प्रशिक्षक पूर्ण सामना ओरडत असतात. वयाने मोठे, मी त्यांच्याच हाताखाली खेळलो आहे. टेक्निकल (गैरवर्तनाचा फाऊल) द्यायला हात उचलत नाही. मधेच तेलुगूत किंवा कन्नडमध्ये काही बोलतात, ते मला कळत नाही.
— पंच, पंढरपूर

पहिलं काम सामन्याच्या आधीचं. तुमचं नातं गुरु-शिष्याचं असेल तर आयोजकांना सांगून त्या संघाचा सामना टाळा. टाळता येत नसेल तर मैदानावर दोन्ही प्रशिक्षकांशी अगदी सारखं वागा. "सर" म्हणायला हरकत नाही, दोघांनाही म्हणा. पण एकाच्या पाया पडून दुसऱ्याशी नुसता हात मिळवला, तर समोरच्या बेंचच्या मनात सामना सुरू होण्याआधीच तुमचा निकाल लागलेला असतो. नमस्कार आदल्या दिवशी घरी जाऊन करा.

आता ओरडण्याबद्दल. सगळं ओरडणं एका तराजूत घालू नका. प्रशिक्षक आपल्या खेळाडूंवर ओरडत असतील तर तो त्यांचा हक्क आहे. मुख्य प्रशिक्षक किंवा पहिला सहायक, दोघांपैकी एकाच वेळी एकच जण, बेंचच्या आखलेल्या भागात उभा राहून सूचना देऊ शकतो. पहिल्या सहायकाने पंचांशी बोलायचं नसतं; तो तुमच्याशी वाद घालू लागला तर तिथेच थांबवा.

तुम्हाला उद्देशून बोललं जातं तेव्हा आधी ओळखा की ते काय आहे. "सर, त्याचा पाय रेषेवर नव्हता का?" हा प्रश्न आहे. पुढच्या थांबलेल्या चेंडूला, जवळून जाताना, एका वाक्यात उत्तर द्या: "रेषेच्या आत होता, मी बघितलं." दुसरं वाक्य जोडू नका, तिथूनच चर्चा सुरू होते. "काय चाललंय!" ही प्रतिक्रिया आहे, ऐकून सोडून द्या. दर शिट्टीला हात पसरणं, पाणी पिताना बाटली आपटणं, साइडलाईनलगत तुमच्याबरोबर धावणं, बेंचच्या भागाबाहेर येणं म्हणजे बेंच तापायला लागला. इथे ताकीद द्यायची. आणि तुम्ही विकले गेलात, मुद्दाम करता, किंवा शिवीगाळ, अंगावर धावून येणं, याला ताकीद नसते. थेट टेक्निकल. "आधी ताकीद द्यायलाच हवी" असं नियमात कुठेही नाही.

ताकीद घड्याळ थांबलेलं असताना द्या. चालत जा, हातभर लांब उभे राहा, बोट दाखवू नका. "सर, एवढं पुरे. पुढच्या वेळी टेक्निकल." बस्स. लगेच जोडीदारालाही सांगा, म्हणजे पुढची वेळ त्याच्यासमोर आली तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. ताकीद दिली आणि पुढच्या वेळी काही केलं नाही, तर तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दाची किंमत गेली. पंचांच्या हातून सामने निसटतात ते इथेच. पहिल्या क्वार्टरमध्ये सोडून दिलेलं बोलणं चौथ्यात तिप्पट होऊन येतं, आणि मग सगळ्यात अटीतटीच्या मिनिटाला टेक्निकल द्यावा लागतो.

द्यायची वेळ आली तर शांतपणे द्या. शिट्टी, हातांचा टी, आणि सरळ गुणलेखकांच्या टेबलाकडे. बेंचकडे तोंड करून, आवेशाने दाखवलेला टी दुसऱ्या टेक्निकलला आमंत्रण देतो. प्रशिक्षकांच्या स्वतःच्या वर्तनाबद्दल असेल तर स्कोअरशीटवर त्यांच्या नावापुढे सी लागतो, बेंचवरच्या इतर कुणामुळे असेल तर बी, आणि तोही मुख्य प्रशिक्षकांच्याच खात्यावर. शिक्षा एक फ्री थ्रो. रेषेवर दुसरा खेळाडू उभा राहत नाही. त्यानंतर खेळ जिथे थांबला होता तिथूनच, चेंडू ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच. हा फाऊल संघाच्या क्वार्टरमधल्या फाऊलमध्ये धरायचा नाही. टेबलावरचे नवखे लोक तो हमखास धरतात आणि पुढे नको तिथे दोन फ्री थ्रो दिले जातात. स्वतः बघून घ्या. टी दिल्यावर तुम्ही त्या बेंचपासून लांबच्या बाजूला जा, जोडीदाराने जवळची बाजू घ्यावी.

दोन सी झाले की प्रशिक्षकांना सामना सोडावा लागतो. तीन बी, किंवा एका सीसह एकूण तीन झाले तरी तेच. त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये किंवा आवाराबाहेर जायचं. उघड्या मैदानात कठड्यामागे उभं राहून सूचना देणं चालत नाही. जागा पहिला सहायक घेतो, तो नसेल तर कर्णधार.

आणि हिशेब बरोबर करायला दुसऱ्या बेंचला टेक्निकल देऊ नका. तो लगेच ओळखू येतो.

भाषेचं: सोलापुरात एकाच बेंचवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एका दमात ऐकू येते. न कळलेल्या शब्दावर टेक्निकल देऊ नका; ती शिवी नसून आपल्याच पोराला दिलेली हाक असू शकते. पण हावभाव, तुमच्याकडे रोखलेली नजर, अंगावर येणं, त्यावर बेंचवर पिकलेला हशा हे कुठल्याही भाषेत कळतं, आणि नियम वर्तनालाही तितकाच लागू आहे. जोडीदाराला ती भाषा येत असेल तर ज्याने समजून ऐकलं त्यानेच शिट्टी वाजवावी. हे सामन्याआधी ठरवून ठेवा.

प्रश्न: भिंतीबाहेरून पालक शिव्या देतात. त्यांना टेक्निकल देता येतो का?
— क्रीडाशिक्षक, मोहोळ

नाही. खेळ थांबवा, आयोजकांना बोलावा, त्या व्यक्तीला आवाराबाहेर काढल्याशिवाय चेंडू देऊ नका. तोंडाला तोंड लावू नका.

प्रश्न: चुकीच्या फाऊलमुळे आम्ही एका गुणाने हरलो. लेखी तक्रार करता येते का? किती वेळात?
— प्रशिक्षक, अक्कलकोट

फाऊल होता की नव्हता हा पंचाचा निर्णय आहे, त्यावर तक्रार चालत नाही. चालते ती वेगळ्या गोष्टींवर: गुण लिहिण्यात, घड्याळात किंवा शॉट क्लॉकमध्ये झालेली आणि पंचांनी दुरुस्त न केलेली चूक, सामना रद्द करण्याचा किंवा बहाल करण्याचा निर्णय, अपात्र खेळाडू. सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत मुख्य पंचांना सांगून कर्णधाराने स्कोअरशीटवर त्यासाठीच्या रकान्यात सही करायची. प्रशिक्षकाची सही चालत नाही, आणि वेळ निघून जाते ती बहुधा आरडाओरड्यातच.

काही चुका मात्र सामना चालू असतानाच सुधारता येतात: मिळायला हवे होते ते फ्री थ्रो दिले नाहीत, नको होते ते दिले, चुकीच्या खेळाडूने मारले, किंवा गुण चुकून दिले वा काढले. पण मुदत आखूड आहे. चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, मग चेंडू पहिल्यांदा थांबला, की तो पुन्हा जिवंत होण्याआधी चूक लक्षात आणून द्यावी लागते. म्हणून चुकीची शंका येताच, पुढच्याच थांबलेल्या चेंडूला, टेबलाकडे शांतपणे विचारा. नुसती लिहिण्यातली चूक असेल, उदाहरणार्थ तीनचे दोन लिहिले गेले, तर मुख्य पंचांची सही होईपर्यंत ती सुधारता येते. त्यामुळे हरलात तरी सही होण्याआधी दोन मिनिटं काढून स्कोअरशीटवरची बेरीज एकदा बघून घ्या.